चीनमध्ये धर्माला परवानगी आहे की बंदी? उत्तर ‘कोणाच्या शिक्क्याने’ यात आहे

तुमचा प्रश्न असा: चीनमधली बौद्ध मंदिरं सणासुदीला तुडुंब भरतात, नानजिंगच्या छापखान्यात कोट्यवधी बायबलं छापली जातात, सरकार थेट पोपशी करार करतं. तेच सरकार चर्चवरचे क्रूस उतरवतं आणि मशिदींचे घुमट काढतं. मग कम्युनिस्ट चीनमध्ये धर्माला परवानगी आहे की बंदी, आणि प्रबंधात ते एका वाक्यात कसं लिहायचं?

एका वाक्यात लिहू नका. ‘परवानगी की बंदी’ या मोजपट्टीने मोजलं की निम्मा पुरावा हातातून निसटतो. चीनविषयीची कागदपत्रं वाचताना मी वेगळा प्रश्न विचारतो: या समुदायाची संघटना कोणाच्या हातात आहे? पुजारी, पाद्री किंवा इमाम कोण नेमतो, पैसा कुठून येतो, जागा कोणाच्या नावावर आहे आणि मुलांना शिकवतं कोण? माणूस मनात काय मानतो याची पक्षाला त्या मानाने कमी फिकीर आहे. आपल्या हाताबाहेरची शिस्तबद्ध संघटना मात्र त्याला खपत नाही. हे लक्षात घेतलं की तुम्हाला परस्परविरोधी वाटलेल्या बऱ्याच बातम्या एकाच धोरणात बसतात. ज्या बसत नाहीत त्यांच्याकडे शेवटी येतो.

आधी चौकट. राज्याने पाच धर्म मान्य केले आहेत: बौद्ध, ताओ, इस्लाम, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. प्रत्येकाची पक्षाशी जोडलेली ‘देशभक्त’ संघटना आहे. बौद्ध आणि इस्लामी संघटना १९५३ मध्ये झाल्या, प्रोटेस्टंटांची ‘थ्री-सेल्फ’ चळवळ १९५४ मध्ये, ताओ आणि कॅथलिक संघटना १९५७ मध्ये. थ्री-सेल्फ म्हणजे स्वयंशासन, स्वावलंबन आणि स्वयंप्रसार. परदेशी मिशनऱ्यांचा पैसा आणि हुकूम तोडणं हा त्यातला मुख्य मुद्दा. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत या संघटनाही कोलमडल्या आणि देवळं, चर्च, मशिदी सरसकट बंद झाली. धर्म पुसून टाकण्याचा खरा प्रयत्न म्हणायचा तर तो त्या दशकातला.

त्यानंतरचं वळण समजून घ्यायचं तर मार्च १९८२ चा, ‘दस्तऐवज क्रमांक १९’ या नावाने ओळखला जाणारा पक्षाचा कागद वाचायलाच हवा. त्यात पक्षाने मान्य केलं की धर्म समाजवादातही दीर्घकाळ राहणार आणि तो बळजबरीने संपवायला गेलं तर उलटाच परिणाम होतो. आकडेही दिले: १९४९ च्या सुमारास प्रार्थनास्थळं साधारण १ लाख, १९८२ मध्ये उरलेली सुमारे ३० हजार. प्रोटेस्टंट मात्र ७ लाखांवरून ३० लाखांवर गेले होते. तेही ज्या काळातली दहाहून अधिक वर्षं चर्चना कुलपं होती त्या काळात! बळजबरीची कबुली या आकड्याशेजारी ठेवून वाचली की तिचं वजन कळतं. पक्षाने धोरण बदललं त्यात उदारपणापेक्षा हिशोब जास्त होता. याच दस्तऐवजात दोन अटीही आहेत. पक्षसदस्याने धर्म मानायचा नाही, आणि धर्माचा कारभार परदेशाच्या वर्चस्वाखाली जाता कामा नये. त्या आजही कायम आहेत. क्यूबाच्या कम्युनिस्ट पक्षाने १९९१ मध्ये श्रद्धावंतांना सदस्यत्व खुलं केलं. चीनच्या पक्षाने केलेलं नाही.

त्याच वर्षीच्या राज्यघटनेचं ३६ वं कलम ‘सामान्य’ धार्मिक कृतींना संरक्षण देतं. सामान्य काय आणि असामान्य काय हे ठरवण्याचा अधिकार प्रशासनाकडे आहे, आणि पुढची सगळी ओढाताण त्या अधिकारावरून आहे.

आता नोंदणीकडे येऊ. तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे, म्हणून जरा सविस्तर. आपल्याकडे देवस्थानाचा न्यास धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवतात तो मालमत्ता आणि हिशोबासाठी. चार माणसं घरी भजनाला बसली तर त्यांना कोणी प्रमाणपत्र मागत नाही. चीनमध्ये एकत्र येऊन उपासना करण्याच्या जागेलाच प्रमाणपत्र लागतं. २०१७ मध्ये सुधारलेली आणि १ फेब्रुवारी २०१८ पासून लागू झालेली ७७ कलमांची ‘धार्मिक कामकाज नियमावली’ हा त्याचा आधार. जागा मिळवायची तर रस्ता असा आहे: अर्ज काउंटीच्या, म्हणजे ढोबळमानाने आपल्या तालुक्याच्या, धर्म विभागाकडे करायचा. तिथून ३० दिवसांत अभिप्राय शहराच्या विभागाकडे जातो. साधं प्रार्थनास्थळ असेल तर शहर आणखी ३० दिवसांत निर्णय देतं. मोठं मंदिर, मशीद किंवा चर्च असेल तर प्रकरण प्रांताकडे चढतं आणि तिथे पुन्हा ३० दिवस. एवढं झालं की बांधकाम करता येतं. बांधून झाल्यावर पुन्हा काउंटीकडे नोंदणीचा अर्ज, आणि मग प्रमाणपत्र हातात.

त्यासाठीच्या अटी कागदावर रास्त दिसतात. परिसरातल्या श्रद्धावंतांना नियमित एकत्र येण्याची गरज असावी, उपासना चालवायला पात्र माणूस असावा, पैसा वैध मार्गाने आलेला असावा, जागा नगररचनेत बसावी आणि शेजाऱ्यांना त्रास होऊ नये. गाठ बसते ती वेगळीकडेच. अर्ज करायचा असतो ‘धार्मिक संघटनेने’, म्हणजे व्यवहारात त्याच देशभक्त संघटनेने. पात्र माणूस म्हणजेही तिने मान्यता देऊन सरकारदरबारी नोंदवलेला माणूस. एखाद्या घरगुती चर्चला, म्हणजे देशभक्त संघटनेबाहेर राहून घरी किंवा भाड्याच्या जागेत जमणाऱ्या मंडळींना, थ्री-सेल्फ चळवळीत जायचंच नसेल तर त्याला अर्ज करायला दारच उरत नाही. ‘त्यांनी नोंदणी का केली नाही?’ असं विचारणाऱ्याला हे माहीत नसतं. अशा अनेक चर्चची सरकारकडे नोंदणी करायची तयारी होती आणि आहे. नको आहे ती मधली संघटना.

दंडाची रचनाही बघा. बेकायदा ठरवलेल्या धार्मिक कार्यक्रमाला सोय पुरवणाऱ्याला, प्रकरण गंभीर असेल तर, २० हजार ते २ लाख युआन दंड होऊ शकतो. सोय पुरवणारा म्हणजे बहुतेक वेळा घरमालक. त्यामुळे पाद्र्याला हात लावायची गरजच पडत नाही. घरमालकाला समज दिली की भाडेकरार मोडतो आणि मंडळी रस्त्यावर येतात. बातमीत ‘जागेचा करार अचानक रद्द’ असं वाचलंत तर हे कलम आठवा. परदेशातून १ लाख युआनपेक्षा जास्त देणगी आली तर काउंटी किंवा वरच्या सरकारची मंजुरी लागते, तेव्हा बाहेरचा आधारही मोजून मापून मिळतो.

कागदावरची चौकट देशभर एकच असली तरी ती वापरण्याची तऱ्हा प्रांताप्रांतात आणि वर्षावर्षाला बदलते. झेजियांग प्रांतातलं वेनझोऊ हे शिकण्यासारखं उदाहरण आहे. तिथे प्रोटेस्टंटांची संख्या मोठी, बरेच जण व्यापारी, आणि स्थानिक अधिकाऱ्यांशी त्यांचे संबंध चांगले. त्यामुळे मंजुरीपेक्षा मोठी चर्च उभी राहिली आणि वर्षानुवर्षं कोणी हरकत घेतली नाही. २०१३ मध्ये प्रांताने बेकायदा बांधकामांविरुद्ध मोहीम काढली. एप्रिल २०१४ मध्ये सानजियांग चर्च पाडलं गेलं. मंजुरीच्या सुमारे चौपट बांधकाम झालं होतं, असं प्रशासनाचं म्हणणं. हे चर्च थ्री-सेल्फमधलंच, म्हणजे नोंदणीकृत गोटातलं. पुढच्या दोन वर्षांत प्रांतभरात हजाराहून अधिक क्रूस उतरवले गेले, त्यातलेही बरेचसे नोंदणी असलेल्या चर्चवरचे.

हे केवळ बांधकामाच्या नियमांसाठी होतं का? २०१५ मध्ये प्रांताने काढलेला नियमांचा मसुदा पाहा. क्रूस छपरावर नको, इमारतीच्या दर्शनी भिंतीला सपाट लावलेला असावा, त्याचा रंग इमारतीत मिसळणारा असावा आणि आकार दर्शनी भागाच्या उंचीच्या एक दशांशापेक्षा जास्त नसावा. यात इमारत सुरक्षित आहे की नाही याचा संबंधच येत नाही. शहराच्या क्षितिजावर कोणती खूण दिसावी हे ठरवणारा हा नियम आहे. म्हणून माझ्या मते वेनझोऊचा धडा असा: अधिकाऱ्याची मेहेरनजर हा हक्क नव्हे. जी त्रुटी वीस वर्षं दुर्लक्षित राहिली तीच वरून इशारा आला की कारवाईचं कारण ठरते, आणि समुदायाकडे बोट दाखवायला कागद नसतो.

२०१६ नंतर या संबंधात नेमकं काय बदललं, हे प्रबंधात वेगळं काढून दाखवा. त्याआधीच्या तीस वर्षांत प्रश्न मुख्यतः ‘जागा कोणाची, माणूस कोणाचा’ एवढाच होता. आत काय सांगितलं जातं त्यात, राजकारण टाळलं तर, फारशी ढवळाढवळ नसे. १९९३ मध्ये तेव्हाचे पक्षप्रमुख जियांग झेमिन यांनी ‘धर्माला समाजवादी समाजाशी जुळवून घ्यायला लावणं’ हे सूत्र मांडलं. शी जिनपिंग यांनी २०१५ पासून ‘धर्माचं चिनीकरण’ पुढे आणलं आणि एप्रिल २०१६ च्या राष्ट्रीय धर्मकार्य परिषदेने ते पक्कं केलं. आता प्रवचनाचा मजकूर, वास्तूची शैली आणि धर्मविद्यालयाचा अभ्यासक्रम हे सगळं तपासणीच्या कक्षेत आलं. मार्च २०१८ मध्ये सरकारचं धर्म प्रशासन पक्षाच्या संयुक्त आघाडी विभागात, म्हणजे पक्षाबाहेरच्या गटांना सांभाळणाऱ्या विभागात, विलीन झालं. फेरबदल प्रशासकीय दिसतो, परिणाम मोठा आहे. पूर्वी धर्म विभाग हे सरकारी खातं होतं. त्याच्याशी ओळखी करून घेता येत, घासाघीस करता येई. आता निर्णय थेट पक्षाचा.

त्यामागोमाग नियम आले. १ मे २०२१ पासून धर्मगुरूंसाठी स्वतंत्र नियम. त्यात मातृभूमीवर प्रेम आणि पक्षाच्या नेतृत्वाला पाठिंबा ही अट आहे आणि प्रत्येक धर्मगुरूची नोंद सरकारी यादीत ठेवली जाते. १ मार्च २०२२ पासून इंटरनेटवर धार्मिक मजकूर टाकायला परवाना लागतो. बायबल ऑनलाइन दुकानांतून २०१८ च्या वसंतातच दिसेनासं झालं होतं. नानजिंगच्या छापखान्यातलं बायबल चीनमध्ये अधिकृतपणे मिळतं ते मुख्यतः नोंदणीकृत चर्चमार्फत. छपाईचा आकडा आणि विक्रीचा मार्ग नेहमी एकत्र वाचावा तो यासाठी.

आता तुम्ही खास विचारलेला पोपचा करार. १९५१ मध्ये व्हॅटिकनचे राजदूत हाकलले गेले आणि १९५८ पासून रोमच्या संमतीविना बिशप नेमले जाऊ लागले. त्यातून कॅथलिकांचे दोन गट पडले: देशभक्त संघटनेबरोबर राहिलेले, आणि रोमशी निष्ठा ठेवून भूमिगत झालेले. शांघायचे बिशप गोंग पिनमेई यांना १९५५ मध्ये अटक झाली आणि ते १९८५ पर्यंत तुरुंगात होते, एवढी त्या निष्ठेची किंमत होती. २२ सप्टेंबर २०१८ चा तात्पुरता करार बिशपांच्या नेमणुकीपुरता आहे. नावं चीनकडून येतात, शेवटचा शब्द पोपचा, असं व्हॅटिकन सांगतं. मूळ मजकूर आजवर प्रसिद्ध झालेला नाही. करारासोबत पोप फ्रान्सिस यांनी सरकारने परस्पर नेमलेल्या सात बिशपांना मान्यता दिली. मिनदोंग आणि शानतौ इथल्या भूमिगत बिशपांना मात्र बाजूला व्हावं लागलं. एप्रिल २०२३ मध्ये शांघायच्या बिशपपदावर शेन बिन यांना रोमला न विचारता आणलं गेलं, आणि जुलैमध्ये पोपने ते मान्य केलं. २०२० आणि २०२२ मध्ये दोन-दोन वर्षांसाठी वाढलेला हा करार ऑक्टोबर २०२४ मध्ये चार वर्षांसाठी वाढला.

याला सैलपणा म्हणायचं की ताबा? दोन्ही बाजूंनी काही ना काही मिळवलं हे खरं. रोमला सगळे बिशप पुन्हा एका छत्राखाली आणता आले. सरकारला मिळालं ते जास्त मोलाचं: भूमिगत राहण्याचं धार्मिक कारणच संपलं. ज्या माणसाने पोपसाठी चाळीस वर्षं नोंदणी नाकारली, त्याला आता पोपनेच मान्य केलेला बिशप नोंदणी कर म्हणून सांगतो. त्या माणसाची घुसमट प्रबंधात आली पाहिजे. धोरणाच्या लिखाणात ती सहसा गळून पडते.

तिबेटमध्ये हाच प्रश्न पुनर्जन्मापर्यंत जातो. मे १९९५ मध्ये दलाई लामांनी एका मुलाला पंचेन लामा, म्हणजे दलाई लामांच्या खालोखाल मान असलेले धर्मगुरू, म्हणून जाहीर केलं. तो मुलगा त्यानंतर सार्वजनिक जीवनात दिसलेला नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ल्हासाच्या जोखांग मंदिरात सोन्याच्या कलशातून चिठ्ठी काढून सरकारमान्य पंचेन लामा ठरले. १ सप्टेंबर २००७ पासून लागू असलेला धर्म प्रशासनाचा आदेश क्रमांक ५ सांगतो की अवतारी लामा ओळखायला सरकारी मंजुरी लागते. लामाचा प्रभाव जितका मोठा तितकी मंजुरी वरच्या पातळीची, थेट देशाच्या मंत्रिमंडळापर्यंत. २०१६ मध्ये मान्यताप्राप्त अवतारी लामांची ८७० नावांची यादी इंटरनेटवर टाकली गेली. पुनर्जन्म न मानणारा पक्ष पुनर्जन्माची नोंदवही ठेवतो याचं अनेकांना नवल वाटतं. पण कलशाची प्रथा १७९३ पासूनची, छिंग सम्राटांच्या काळातली. चीनच्या राज्यसंस्थेने धर्मगुरूंच्या नेमणुकीवर शिक्का मारणं कम्युनिस्टांच्या कितीतरी आधीचं आहे. जुलै २०२५ मध्ये दलाई लामांनी स्पष्ट केलं की त्यांचा पुढचा अवतार ओळखण्याचा अधिकार फक्त त्यांच्या गादेन फोद्रांग न्यासाला आहे. दोन वेगवेगळ्या शिक्क्यांचे दोन दलाई लामा, ही शक्यता त्यामुळे प्रत्यक्षात उभी आहे.

आणि शिनजियांग, म्हणजे वायव्येकडचा उइगुर मुस्लिमांचा प्रदेश. इथे माझी वरची चौकट पुरी पडत नाही, हे नीट सांगायला हवं. एप्रिल २०१७ पासून लागू झालेल्या ‘अतिरेकीपणा निर्मूलन’ नियमांनी ‘असामान्य’ दाढी, चेहरा झाकणं, मुलांना ठरावीक नावं ठेवणं यांनाही अतिरेकाची लक्षणं मानलं. नोंदणीचा प्रश्न मागे पडला आणि माणसाचं घरातलं वागणंच गुन्ह्याच्या कक्षेत आलं. मोठ्या संख्येने उइगुर आणि इतर मुस्लिमांना छावण्यांत डांबलं गेलं. ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने हे मानवतेविरुद्धचे गुन्हे असू शकतात असा निष्कर्ष काढला. इथे धर्म, वांशिक ओळख आणि सरहद्दीची सुरक्षा एकत्र गुंतली आहे. ‘चिनीकरणाचं थोडं कडक रूप’ असं लिहिलंत तर झालेल्या गोष्टीला न्याय मिळणार नाही. हुई, म्हणजे चिनी भाषा बोलणाऱ्या, मुस्लिमांचं प्रकरण वेगळं ठेवा. निंगशियातल्या वेइझोऊ इथे २०१८ मध्ये आणि युन्नानच्या नाजियायिंगमध्ये २०२३ मध्ये घुमट-मिनारांवरून लोक रस्त्यावर आले. तिथला वाद मशिदीच्या अरबी शैलीचा होता, मशीद असण्याचा नव्हता.

तेव्हा पुढची बातमी आली की इतकं तपासा. समुदाय पाच मान्य धर्मांतला आहे का? फालुन गोंगसारखा ध्यान आणि व्यायाम शिकवणारा गट त्या यादीबाहेरचा. एप्रिल १९९९ मध्ये त्याचे सुमारे दहा हजार लोक बीजिंगमधल्या पक्षनेत्यांच्या वसाहतीबाहेर शांतपणे जमले आणि जुलैत बंदी आली, कारण इतकी माणसं कोणाला कळू न देता एकत्र येऊ शकतात हेच पक्षाला धोक्याचं वाटलं. मग नोंदणी आहे का, आणि कारवाई कोणत्या कायद्याखाली आहे: बांधकामाच्या, धर्माच्या की फौजदारी? बांधकामाची कारवाई बऱ्याचदा वाटाघाटीने निवळते. फौजदारी कलम लागलं तर मामला वेगळा. छेंगडूच्या अर्ली रेन चर्चचे पाद्री वांग यी यांना डिसेंबर २०१९ मध्ये नऊ वर्षांची शिक्षा झाली ती राज्यसत्ता उलथवण्यास चिथावणी दिल्याच्या आणि बेकायदा व्यवसायाच्या आरोपांखाली. यानंतर प्रांत आणि वर्ष बघा. आकडा दिला असेल तर तो कोणाचा हेही. २०१८ च्या सरकारी श्वेतपत्रिकेत प्रोटेस्टंट ३ कोटी ८० लाख आणि कॅथलिक ६० लाख दिले आहेत. नोंदणी नाकारणाऱ्यांना धरून बाहेरचे अभ्यासक बरेच मोठे अंदाज देतात. या दोन आकड्यांची सरासरी काढून लिहू नका, दोन्ही त्यांच्या स्रोतासह द्या.

तुलनेसाठी व्हिएतनाम घ्या. तिथेही एकपक्षीय कम्युनिस्ट सत्ता आहे, नोंदणी आहे, १९८१ पासून एकच मान्य बौद्ध संघ आहे. पण १ जानेवारी २०१८ पासूनच्या कायद्यात संघटनेला स्वतंत्र मान्यता मिळू शकते, पाच वर्षं स्थिर काम ही त्यातली एक अट, आणि २०२३ च्या अखेरीस व्हॅटिकनचा निवासी प्रतिनिधी नेमला गेला. म्हणजे चीनच्या पद्धतीतली किती गोष्ट ‘कम्युनिस्ट’ आहे आणि किती चिनी, हे या जोडीतून वेगळं करता येतं.

प्रबंधासाठी माझी सूचना: संपूर्ण चीन घेऊ नका. एक प्रांत आणि एक धर्म निवडा. झेजियांगचे प्रोटेस्टंट किंवा फूजियानचे कॅथलिक चांगले, दोन्हींवर छापील साहित्य भरपूर आहे. १९८२ चा दस्तऐवज, २००५ पासूनची आणि २०१८ पासूनची नियमावली शेजारी ठेवून कलमवार तक्ता करा. जागा, नेमणूक, पैसा, शिक्षण असे चार रकाने पुरे. मुलांचा रकाना भरताना सावध राहा. राष्ट्रीय नियमावलीत अल्पवयीनांनी प्रार्थनेला येऊ नये असं सरळ वाक्य नाही. बंदी येते ती काही प्रांतांच्या नियमांतून आणि स्थानिक सूचनांतून. तिथे कोणता कागद कोणत्या पातळीचा आहे ते प्रत्येक वेळी लिहा.